मेळावा वेगळा, सभा वेगळी

थंडी पडली आणि बामणोदची वांगी बाजारात उतरली, की जळगाव जिल्ह्यात भरीत पार्ट्यांना ऊत येतो. त्यातल्या कितीतरी पार्ट्या जुन्या वर्गमित्रांच्या असतात. शेतात पऱ्हाट्यांचा जाळ, पत्रावळीवर भरीत, कळण्याची भाकरी, आणि जेवणं उरकली की कुणीतरी उभं राहून म्हणतं, "आपला माजी विद्यार्थी संघ काढू." टाळ्या पडतात. सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या माणसाला अध्यक्ष करतात, बँकेतून निवृत्त झालेल्याला खजिनदार, आणि जो आलेलाच नाही त्याला सचिव. पुढच्या आठवड्यात खजिनदार खातं उघडायला जातात. तिथला अधिकारी नोंदणीचा दाखला, नियमावली आणि ठरावाची प्रत मागतो. यातलं काहीच नसतं.

धुळे, जळगाव आणि नंदुरबारमधल्या बहुतेक जुन्या महाविद्यालयांत आता नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ आहे. त्याचं श्रेय बरंचसं नॅकला, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला, द्यावं लागेल. नॅकच्या मूल्यमापनात पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा स्वतंत्र भाग आहे आणि त्यात संघ नोंदणीकृत आहे का, हेच आधी विचारलं जातं. त्यामुळे समिती येण्याच्या वर्षी घाईघाईत नोंदणी होते. नियमावली शेजारच्या संस्थेची असते, फक्त नाव बदललेलं. उद्देशांचं पान मात्र भरगच्च: सर्वांगीण विकास, गुणवंतांचा गौरव, वृक्षारोपण, रक्तदान. हे पान पुढे कधी कुणी उघडत नाही. संघ चालतो की बसतो ते ठरतं चार कंटाळवाण्या कलमांवर: सभासद कोण, सभा कशी बोलवायची, सही कुणाची, आणि माणूस बदलला की त्याची नोंद कधी करायची. या लेखात त्यांच्याकडेच बघू. पण त्याआधी एक गोंधळ दूर करायला हवा.

पदवी हातात पडली की माणसाचं नाव तीन वेगवेगळ्या याद्यांत येऊ शकतं, आणि आपोआप कुठल्याच यादीत येत नाही. पहिली यादी विद्यापीठाची. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा जण निवडून जातात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे त्यातल्या पाच जागा खुल्या आणि महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग यांना प्रत्येकी एक. मतदान पसंतीक्रमानं होतं. दुसरी यादी निवडणूक आयोगाची, विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघाची. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार असे पाच जिल्हे त्यात आहेत, पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि अर्ज असतो नमुना १८. पदवी कुठल्या विद्यापीठाची आहे, याच्याशी या यादीला देणंघेणं नाही. तिसरी यादी म्हणजे आपल्या संघाची सभासद नोंदवही. "मी तर मागच्या वेळी पदवीधरला मतदान केलं होतं, मग मी सभासद कसा नाही?" हा प्रश्न वार्षिक सभेत हमखास येतो. उत्तर एवढंच की ती यादी आयोगाची, ही आपली.

विद्यार्थी परिषद हे आणखी चौथं प्रकरण. ती कायद्यानंच दिलेली आहे, २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९९ खाली. तिची घटना विद्यार्थी लिहीत नाहीत, ती वरून येते. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुकांतल्या हिंसाचारानंतर थेट मतदान बंद झालं, १९९४ च्या कायद्यानं गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची रीत आणली, आणि २०१६ च्या कायद्यानं पुन्हा निवडणुकीचं दार उघडलं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी देशभर लागू आहेत. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर नाही, ध्वनिक्षेपक नाही. पदव्युत्तर उमेदवाराचं वय २४-२५ पर्यंत आणि संशोधक विद्यार्थ्याचं २८ पर्यंत. माजी विद्यार्थी संघाला यातलं काहीही लागू नाही. तो स्वतःची घटना स्वतः लिहितो, आणि म्हणूनच तिच्यातल्या चुकाही त्याच्या स्वतःच्या असतात.

आता नोंदणी. महाराष्ट्रात ती दोन कायद्यांखाली होते: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. दोन्हींचं काम धर्मादाय कार्यालयातच चालतं, म्हणून लोक "चॅरिटीत जाऊन येतो" एवढंच म्हणतात. पहिल्या कायद्याला किमान सात माणसं लागतात. ज्ञापनात संस्थेचं नाव, उद्देश आणि पहिल्या कार्यकारिणीची नावं, पत्ते, व्यवसाय असतात. सोबतच्या नियमावलीच्या प्रतीवर कार्यकारिणीतल्या किमान तिघांनी ती खरी असल्याचं सही करून सांगायचं असतं. त्यानंतर दुसऱ्या कायद्याखाली न्यास म्हणून नोंद होते आणि परिशिष्ट एक, म्हणजे सगळे ज्याला शेड्यूल वन म्हणतात तो उतारा, हातात येतो. संघाचा सातबाराच म्हणा. विश्वस्त कोण, पत्ता कोणता, मालमत्ता किती, हे सगळं त्यावर असतं, आणि बँकेपासून आयकर खात्यापर्यंत जो तो तोच मागतो.

पत्त्याचंही बघून ठेवावं. संघाचं कार्यालय महाविद्यालयाच्या आवारात दाखवायचं असेल तर जागेच्या मालकाचं, म्हणजे शिक्षण संस्थेचं, संमतिपत्र जोडावं लागतं. महाविद्यालयाचं नाव संघाच्या नावात घ्यायचं असेल तेव्हाही संस्थेला आधी विचारलेलं बरं. सचिवांच्या घरचा पत्ता देणं सोपं वाटतं. पण सचिव पुण्याला मुलाकडे राहायला गेले की धर्मादाय कार्यालयाच्या नोटिसा बंद दाराखाली पडत राहतात.

सभासद कोण, हे कलम एका ओळीचं वाटतं आणि तिथंच पहिलं भांडण होतं. "या महाविद्यालयाचा पदवीधर" असं लिहिलं की काम झालं, असं वाटतं. पण रावेर-यावलकडे असे कितीतरी केळी बागायतदार आहेत जे दुसऱ्या वर्षाला असताना वडील गेले म्हणून शेती सांभाळायला घरी परतले. पदवी नाही, पण महाविद्यालयाबद्दलची माया पदवीधरांपेक्षा जास्त, आणि देणगीही. त्यांना दाराबाहेर ठेवायचं का? माझं मत स्पष्ट आहे: "किमान एक शैक्षणिक वर्ष नियमित शिकलेला" अशी व्याख्या करावी आणि पुरावा म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा महाविद्यालयाचा दाखला किंवा प्रवेश नोंदवहीतला उतारा घ्यावा.

विद्यापीठ पातळीवरच्या संघाला वेगळी अडचण येते. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं १५ ऑगस्ट १९९० ला, पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन. बहिणाबाईंचं नाव त्याला २०१८ मध्ये मिळालं. अमळनेरचं प्रताप महाविद्यालय मात्र १९४५ चं. तिथून १९८० मध्ये बी.ए. झालेल्याच्या प्रमाणपत्रावर पुणे विद्यापीठाची मोहर आहे. महाविद्यालयाच्या संघाला त्याचं काही नाही, तो आपलाच माणूस. पण "विद्यापीठाचा माजी विद्यार्थी" अशी व्याख्या असेल तर हा मनुष्य खानदेशात जन्मून, खानदेशात शिकून कागदोपत्री पुण्याचा ठरतो. व्याख्येत "सध्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात असलेल्या महाविद्यालयांतून १९९० पूर्वी पदवी घेतलेले" अशी पुस्ती जोडली की प्रश्न मिटतो. ही पुस्ती पहिल्याच दिवशी जोडावी, कारण नंतर ती जोडताना कुणाला तरी वाटतंच की अमुक एकाला आत घेण्यासाठी हे चाललं आहे.

आणि सध्या शिकणारे? धुळ्याच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. झालेली मुलगी जळगावला विद्यापीठाच्या प्रशाळेत एम.एस्सी. करते आणि तिथंच पीएच.डी.ला नोंदणी करते. धुळ्याच्या महाविद्यालयाची ती माजी विद्यार्थिनी. एम.एस्सी. झाल्यावर विद्यापीठाचीही माजी विद्यार्थिनी, आणि त्याच वेळी विद्यापीठाची आजी विद्यार्थिनी. घटनेत यावर अवाक्षर नसतं. तिला सभासद करून घ्यावं, मतही द्यावं. नाहीतर संघात निवृत्तांशिवाय कुणी उरत नाही. फक्त एक कुंपण घालावं. संघ शिष्यवृत्ती किंवा संशोधनासाठी मदत देत असेल तर अर्जदारानं, किंवा ज्याच्या घरातलं कुणी अर्जदार आहे त्यानं, निवड समितीवर बसू नये आणि त्या विषयाच्या वेळी सभेतून उठून बाहेर जावं. "बाहेर जावं" हे शब्द नियमात असू द्यावेत. "मत देऊ नये" एवढंच लिहिलं तर माणूस समोर बसून राहतो आणि बाकीच्यांची तोंडं बंद होतात.

वर्गणीचा मुद्दा याहून नाजूक आहे. १८६० च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत नाही आणि सभासद म्हणून तो मोजलाही जात नाही. हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना असतं ते विसरल्यासारखं करतात. थकबाकीदार हात वर करतो तेव्हा "जाऊ द्या ना भो, आपलाच माणूस शे," असं कुणीतरी म्हणतं आणि विषय संपतो. तो संपत नाही. वर्षभरानं निवडणुकीवर हरकत आली की हरकत घेणारा पहिल्यांदा मागतो ती वर्गणीची पावतीपुस्तकं. म्हणून नियमावलीत तारीख असावी: वार्षिक वर्गणी १ एप्रिलला देय, सभेच्या अमुक दिवस आधीपर्यंत भरलेलीच मतासाठी धरली जाईल. दारातल्या टेबलावर पैसे भरून आत येऊन मतदान करायची मुभा ठेवली, तर ज्याच्या खिशात जास्त नोटा त्याचं पॅनल निवडून येतं. आजीव सभासदत्व जास्त सोयीचं, पण ती रक्कम कायम निधीत, मुदत ठेवीत जावी आणि खर्च फक्त व्याजातून व्हावा, हेही लिहून ठेवावं. नाहीतर पहिल्या पाच वर्षांचे मेळावे पुढच्या पन्नास वर्षांच्या वर्गणीवर होतात.

नोंदवहीचं एक पान डोळ्यांसमोर आणा. सभासद क्रमांक, पूर्ण नाव, अभ्यासक्रम आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, पत्ता, मोबाइल, सभासदत्वाचा प्रकार, पावती क्रमांक आणि तारीख, कार्यकारिणीनं मंजुरी दिल्याचा ठराव क्रमांक, आणि शेवटचा रकाना राजीनामा किंवा निधनाचा. पावती आणि ठराव हे दोन रकाने नसतील तर ती नोंदवही नव्हे, नावांची यादी. व्हॉट्सअॅप गटातले सातशे जण सभासद नसतात. गूगल फॉर्म भरलेलेही नसतात. आणि शेवटचा रकाना रिकामा राहिला की गणपूर्तीचा आकडा दरवर्षी फुगत जातो, कारण गेलेली माणसंही त्यात मोजली जातात.

आता सभा. मेळावा आणि सभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोटाळा त्या एक समजल्यानं होतो. मेळाव्याला निमंत्रण असतं, सभेला सूचना असते. मेळाव्यात भाषणं, सभेत विषयपत्रिका. मेळाव्याला पाचशे माणसं आली, त्यातले चाळीस सभासद, आणि अध्यक्ष टाळ्यांनी निवडले, तर ती निवड धर्मादाय कार्यालयात टिकवणं अवघड. तिथं विचारतात: सूचना कधी काढली, कुणाला पाठवली, त्याचा पुरावा कुठे, विषयपत्रिकेत निवडणुकीचा विषय होता का, हजेरीच्या सह्या दाखवा. फेटे बांधलेले फोटो कितीही असले तरी यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांत नसतं.

सूचना पाठवायच्या पद्धतीवर जुन्या घटनांमध्ये हटकून एक वाक्य सापडतं: "टपाल खात्याच्या प्रमाणपत्रासह, यूपीसीनं पाठवावी." ही सोय टपाल खात्यानं २०११ मध्ये बंद केली. म्हणजे ज्यांची घटना त्याआधीची आहे आणि सुधारलेली नाही, त्यांची एकही सभा अक्षरशः नियमाप्रमाणे बोलावता येत नाही. हे कलम आज बदलायचं झालं तर ईमेल, नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावरचा संदेश आणि सूचना फलक असं तिन्ही लिहावं, आणि ज्यांचा ईमेलही नाही आणि मोबाइलही नाही त्यांना टपाल. संदेश गटात टाकून भागवू नये. नोंदवहीतल्या प्रत्येक क्रमांकावर तो स्वतंत्र गेला पाहिजे, आणि त्याची छापील नोंद फाइलला लागली पाहिजे.

गणपूर्तीबद्दल तर आपल्याकडे एक ठरलेलं कलमच आहे. गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब होईल, त्याच जागी पुन्हा भरेल आणि त्या सभेला गणपूर्तीची अट राहणार नाही. हे कलम वाईट नाही. ते नसतं तर महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्थांची सभा कधी झालीच नसती. पण त्याला दोन लगाम हवेत. तहकूब सभेची वेळ मूळ सूचनेतच छापलेली असावी, आणि तहकूब सभेत सूचनेतल्या विषयांशिवाय दुसरं काही घेता येऊ नये. नाहीतर अकराची सभा साडेअकराला नऊ जणांत भरते आणि "आयत्या वेळच्या विषयात" घटना बदलून बारा वाजता संपते.

कधी आणि कुठे घ्यावी? दिवाळीत घ्यावी असं सगळे म्हणतात. मी म्हणेन कानबाईच्या आदल्या शनिवारी. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते, त्यासाठी सुरत, नाशिक, पुण्याची माणसं गावी येतात. रविवारी रोटांच्या धांदलीत कुणी घराबाहेर पडणार नाही, पण शनिवार मोकळा असतो. शिवाय हिशेबाची वर्षअखेर ३१ मार्चला होते आणि लेखापरीक्षण ३० सप्टेंबरच्या आत उरकायचं असतं, त्यामुळे श्रावणातली सभा वेळेत बसते. दिवाळीत घेतली तर उशीर झालेला असतो. जागेचा वाद विद्यापीठ पातळीवरच्या संघात नक्की होतो. जळगाव आणि धुळ्यात सुमारे नव्वद किलोमीटरचं अंतर आहे आणि त्याहून जास्त अंतर त्यांच्या अभिमानात आहे. जिल्हे आळीपाळीनं घ्यावेत, नाहीतर अमळनेर ठरवून टाकावं. जळगाव आणि नंदुरबारहून तिथं रेल्वेनं येता येतं, धुळ्याहून रस्त्यानं.

कार्यकारिणीत प्राचार्य पदसिद्ध अध्यक्ष आणि एखादे प्राध्यापक पदसिद्ध सचिव, ही रचना खूप ठिकाणी दिसते. संघाचा कागदोपत्री सांभाळ त्यामुळे सोपा होतो हे खरं. पण मग तो संघ महाविद्यालयाचाच एक विभाग होतो, आणि महाविद्यालयाला न रुचणारा प्रश्न विचारायची वेळ आली की संघ गप्प बसतो. त्यात आणखी एक गुंता असतो. पदसिद्ध असलं तरी परिशिष्ट एकवर नाव माणसाचं असतं, त्यामुळे प्राचार्य निवृत्त झाले की नवीन प्राचार्यांची नोंद करून घ्यावी लागते. प्रभारी प्राचार्य लागोपाठ बदलत असतील तर हे काम संपतच नाही. प्राचार्यांना मताचा अधिकार नसलेले आश्रयदाते करावं, सभेला बोलवावं, पहिल्या रांगेत बसवावं, आणि पदं सभासदांकडे ठेवावीत.

कार्यकारिणीची मुदत तीन वर्षं पुरेशी आहे. पाच वर्षं ठेवली की तिसऱ्या वर्षापासून ती फक्त सचिवांच्या मोबाइलमध्ये उरते.

आणि आता ते कलम, ज्याच्यावर सगळ्यात जास्त संघ आडवे होतात: बदल अर्ज, चालू भाषेत चेंज रिपोर्ट. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे परिशिष्टावरच्या कुठल्याही नोंदीत बदल झाला, म्हणजे विश्वस्त निवडून आले, वारले, राजीनामा दिला, पत्ता बदलला, की ९० दिवसांच्या आत तो परिशिष्ट तीनच्या नमुन्यात कळवायचा. समजा २ ऑगस्टला नवी कार्यकारिणी निवडून आली. मुदत ३१ ऑक्टोबरला संपते, बरेचदा नेमकी दिवाळीच्या आसपास. अर्जासोबत सभेची सूचना, ती पाठवल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्ताचा उतारा, नव्या मंडळींची संमतिपत्रं, जुन्यांची ना-हरकत आणि प्रतिज्ञापत्र लागतं. जुने रुसून बसले असतील तर त्यांना नोटीस जाते, ते हरकत घेतात, साक्षी-पुरावे सुरू होतात आणि साध्या नोंदीचं प्रकरण होऊन बसतं.

नोंद होईपर्यंत काय? कागदावर जुनीच नावं राहतात. खात्यावर सही करणाऱ्या दोघांपैकी एक वारला आणि त्याआधीचे दोन चेंज रिपोर्ट दाखलच झालेले नाहीत, असं झालं की बँक नव्या सह्या घेत नाही, कारण ठराव करणारी कार्यकारिणीच परिशिष्टावर नसते. मग आधी जुने बदल, क्रमानं, प्रत्येकाला विलंब माफीच्या अर्जासह. पंधरा वर्षांपूर्वीच्या सभेची हजेरी शोधत फिरावं लागतं. ती ज्यांच्याकडे होती त्यांच्या घरच्यांनी रद्दीत घातलेली असते. यावर नियमावलीत करता येण्यासारखी गोष्ट अगदी साधी आहे: निवडणुकीच्या सभेतच, लोक पांगण्याआधी, संमतिपत्रांवर आणि ना-हरकतींवर सह्या घ्याव्यात, आणि मावळत्या सचिवानं दप्तर यादीसह पंधरा दिवसांत नव्या सचिवाच्या ताब्यात द्यावं. नव्या कार्यकारिणीचा पहिला ठरावच चेंज रिपोर्ट कोण दाखल करणार त्याच्या नावाचा असावा.

पैशांचं थोडक्यात. तिघांपैकी दोघांच्या सह्या, त्यातली एक खजिनदाराची. हातावर किती रोकड ठेवायची तिची मर्यादा. लेखापरीक्षक कार्यकारिणीनं नाही, सभेनं नेमायचा. आयकराच्या ८०जी ची सवलत देणगीदाराला हवी असेल तर दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही; पावती फाडण्यापूर्वी हे सांगावं. परदेशातल्या देणगीचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथं भले भले अडकतात. अमेरिकेत नोकरी करणारा, पण अजून भारतीय पारपत्र असलेला आपला विद्यार्थी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, तेव्हा ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याच वर्गातला दुसरा, ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याची देणगी मात्र परदेशी ठरते, मग ओसीआय कार्ड असो की पैसे रुपयांत, धुळ्याच्या शाखेतून दिलेले असोत. ती घ्यायला २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. त्यासाठी संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात, त्या तीन वर्षांत उद्देशांवर किमान पंधरा लाख खर्च झालेले असावे लागतात, आणि खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. गावाकडच्या बहुतेक संघांना हे झेपणारं नाही. म्हणून देणगीच्या अर्जावर नागरिकत्वाचा रकाना ठेवावा, आणि "नाही घेता येत" हे नम्रपणे सांगणारं पत्र सचिवाकडे तयार असावं.

पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांना स्वतःचा वेगळा संघ काढायचा असेल तर १८६० चा कायदा त्यांनाही मोकळा आहे. फक्त हीच नियमावली उचलून चालणार नाही. एम.ए., एम.एस्सी.ची मुलं दोन वर्षांत जातात, पीएच.डी.ला किमान तीन वर्षं आणि साधारण सहापर्यंत. तीन वर्षांची मुदत ठेवली तर निम्मी कार्यकारिणी मुदतीआधीच माजी झालेली असेल. तिथं मुदत एक वर्षाची, सचिव आणि खजिनदार संशोधकांमधून, आणि प्रबंध दाखल केल्याच्या दिवशी पद रिकामं. पण दरवर्षी निवडणूक म्हणजे दरवर्षी चेंज रिपोर्ट, आणि ज्याची शिष्यवृत्ती अडकली आहे तो मुलगा नव्वद दिवसांचं गणित सांभाळत बसणार नाही. खरं सांगायचं तर अशा संघानं नोंदणीच्या फंदात पडूच नये. विद्यापीठाच्या मान्यतेनं, लेखी नियमांसह, विभागाच्या खात्यातून हिशेब ठेवून चालावं, आणि मालमत्ता जमायला लागली तर पुढचं बघावं.

घटनेत शेवटची दोन कलमं असतात दुरुस्तीची आणि विसर्जनाची. नियम बदलायचा तो नियमावलीत सांगितलेल्या बहुमतानं बदलता येतो. संघाचा उद्देश बदलायचा किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचं तर १८६० च्या कायद्याचं कलम १२ लागतं: प्रस्ताव दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाच्या हाती, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि मग एका महिन्याच्या अंतरानं दुसरी विशेष सभा, तिथं पुन्हा तीन पंचमांश. पहिली सभा कानबाईच्या आदल्या शनिवारी घेतली तर दुसरी बहुतेक वर्षी गणपतीच्या दिवसांत येते, तेव्हा ती विसर्जनाच्या दिवशी ठेवू नये. आणि संघच विसर्जित करायचा असेल, तर देणी फेडून उरलेला पैसा सभासदांना वाटून घेता येत नाही. कलम १४ प्रमाणे तो दुसऱ्या एखाद्या संस्थेला द्यावा लागतो. कुणाला, ते विसर्जनाच्या वेळी हजर सभासद तीन पंचमांश मतांनी ठरवतात. महाविद्यालयाचं ग्रंथालय चालवणारी संस्था हे एक सरळ उत्तर आहे.